मोटार मोठी की आटे चोख?

आमचा पुतण्या वाळूजच्या एका कारखान्यात सीएनसी मशीनवर काम करून गावी परतला. घरीच लहान सीएनसी कटर उभारायचा आणि टोकण यंत्राच्या बियाणे-चकत्या प्लॅस्टिकच्या पत्र्यातून कापून विकायच्या, असा त्याचा बेत. वहिनींनी दुधाचे साठवलेले पैसे पुढे केले. म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही लक्ष घाला. एवढे पैसे पुन्हा जमायचे नाहीत.”

पुतण्याचा पहिला प्रश्न, “काका, मोटार केवढी घेऊ?”

मी म्हटले, “आधी स्क्रू ठरव.”

शेतकरी बंधूंनो, फूटव्हॉल्व्ह गळत असताना 5 ऐवजी 7.5 हॉर्सपॉवरची मोटार बसवली तर गळती थांबते का? इथेही तसेच आहे.

आम्ही कागद-पेन्सिल घेतली. नेहमीची स्टेपर मोटार एका फेरीत 200 पावले टाकते. एका फेरीत नट 5 मिलिमीटर सरकत असेल, तर एक पाऊल 0.025 मिलिमीटरचे. चकतीला एवढी बारकाई भरपूर झाली. पण नट आट्यांवर पाव मिलिमीटर ढिला असेल, तर दिशा बदलताना मोटार फिरते आणि टेबल तेवढा वेळ जागीच राहते. गोल भोक गोल राहत नाही. मग बी अडकते, नाहीतर दोन-दोन पडतात. मोठ्या मोटारीने हा दोष जात नाही.

हार्डवेअरच्या दुकानातला 10 मिलिमीटरचा आट्यांचा रॉड स्वस्त, पण एका फेरीत दीडच मिलिमीटर सरकतो आणि लवकर झिजतो. ट्रॅपेझॉइडल स्क्रूला स्प्रिंगचा दुहेरी नट लावला की ढिलाई निघते. बॉल स्क्रूच्या नटात पोलादी गोळ्या फिरतात. मोटारीचा सुमारे 90 टक्के जोर कामी येतो. बारीक आट्यांच्या साध्या स्क्रूत निम्म्याहून अधिक जोर घर्षणातच जातो. म्हणजे बॉल स्क्रूला मोटार लहान पुरते. मात्र त्याला धूळ-भुसा चालत नाही. शिवाय वीज गेली की वर-खाली चालणारा भाग आपल्या वजनाने खाली येऊ शकतो. आपल्याकडे वीज काही सांगून जात नाही!

म्हणून आडव्या दोन्ही दिशांना 16 मिलिमीटर जाडीचे बॉल स्क्रू आणि उभ्या दिशेला बारीक आट्यांचा ट्रॅपेझॉइडल स्क्रू ठरवला. मोटारी नेमा 23 मापाच्या. स्टेपरच्या पाटीवरचा जोर ती थांबलेली असतानाचा असतो. वेग वाढला की तो उतरतो. पाऊल चुकले तरी साध्या स्टेपरला कळत नाही. म्हणून चालत्या वेगाला लागेल त्याच्या दुप्पट जोर हाताशी ठेवला.

मुलाने घरी यंत्र उभारायचे म्हटले तर एकदम नाही म्हणू नका. काय कापणार आणि किती मापात, एवढे आधी विचारा. त्याचे उत्तर कागदावर उतरले की कुठे खर्च करायचा आणि कुठे हात आखडायचा, हे घरातल्या बाईमाणसालाही नीट कळते.