फ्रँकफर्टला विमान बदलताना

माझी मुलगी गोथेनबर्गला असते. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरचं हे बंदराचं शहर व्होल्वोमुळे पुण्यातल्या इंजिनिअर मंडळींना चांगलं ठाऊक आहे. जावईही त्याच वाटेने तिकडे गेले. २०२३च्या उन्हाळ्यात तिच्या बाळंतपणासाठी मी एकटी निघाले, तेव्हा साताऱ्यात भेटेल त्याचा पहिला प्रश्न हाच, "मध्ये विमान बदलायचंय म्हणे?" मुंबईहून तिकडे थेट विमान नाही. फ्रँकफर्टला उतरायचं आणि दुसरं धरायचं. प्रश्नामागोमाग सल्लाही ठरलेला, "व्हीलचेअर सांगून ठेवा. काही बघावं लागत नाही."

हा सल्ला आता आपल्याकडे घरोघरी दिला जातो. ज्यांचे पाय ठणठणीत आहेत अशी माणसंही खुर्ची मागतात, कारण खुर्ची ढकलणाऱ्याला रस्ता माहीत असतो. मला त्यांना नावं ठेवायची नाहीत. जी बाई कधी एकटी पुण्याच्या पुढे गेली नाही, तिला परक्या देशात तासाभरात दुसरं विमान गाठायला सांगायचं आणि ते कसं गाठायचं हे मात्र कुणी सांगायचं नाही, हा तिच्यावर अन्याय आहे. मुलं तिकीट पाठवतात, "काळजी करू नकोस" म्हणतात आणि खुर्ची नोंदवून मोकळी होतात. मी भूगोल शिकवण्यात नोकरी काढली. वाट कशी आहे हे आधी कळलं की मला धीर येतो. मुलीला म्हटलं, खुर्ची नको, मला सगळं समजावून सांग.

तिने सुरुवात तिकिटापासून केली. एजंटाने स्वस्तात दोन वेगवेगळी तिकिटं दाखवली होती, एक मुंबई ते फ्रँकफर्ट, दुसरं तिथून पुढे. ती तिने साफ नाकारली. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर, एकाच पीएनआर नंबरावर असली की पहिलं विमान उशिरा पोचल्यामुळे दुसरं चुकलं तरी पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची राहते, आणि सामानही शेवटच्या गावापर्यंत परस्पर जातं. वेगळ्या तिकिटांवर यातलं काहीच गृहीत धरता येत नाही. दुसरं विमान चुकलं तर त्याचे पैसे गेले. वाचणाऱ्या दोन-चार हजारांसाठी आईवडिलांना असल्या तिकिटावर पाठवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग सामान. बाळंतिणीकडे निघालेली आई काय नेते ते सांगायला नको. पण युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे साजूक तूप नाही, साताऱ्याचे कंदी पेढेही नाहीत. बहुतेक ताज्या फळांना रोपांच्या आरोग्याचा सरकारी दाखला लागतो, त्यामुळे आंबेही राहिले. डिंक, खारीक, सुंठ, भाजणी आणि मेतकूट बांधून घेतलं. तूप तिथल्या लोण्याचं कढवायचं ठरलं.

विमान मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटणारं. आपल्याकडून युरोपला जाणारी इतकी विमानं अशा आडवेळी का सुटतात, याचं मला नेहमी कुतूहल होतं. त्याचं एक मोठं कारण पलीकडच्या टोकाला आहे. फ्रँकफर्टला रात्री ११ ते पहाटे ५ विमानांची नियमित ये-जा बंद असते. आजूबाजूच्या वस्तीला झोप मिळावी म्हणून २०११पासून हा नियम आहे. पहाटे धावपट्टी उघडली की पूर्वेकडून आणि अमेरिकेतून आलेली विमानं एकामागून एक उतरतात आणि त्यांतली माणसं सकाळच्या विमानांनी चहूकडे पांगतात. आठवडी बाजाराला वाड्यावस्त्यांवरून लोक एकाच वेळी येतात आणि हव्या त्या वाटेने निघून जातात, तसा हा सगळा मेळ आहे. मुंबईची आपली रात्र त्या सकाळच्या हिशेबाने बेतलेली असते.

मुंबईच्या काउंटरवर मला दोन्ही विमानांचे बोर्डिंग पास एकदमच मिळाले. बॅगेच्या टॅगवर जीओटी ही गोथेनबर्गची तीन अक्षरं ठळक छापली होती आणि खाली दहा आकडी नंबर. "बॅग फ्रँकफर्टला घ्यायची नाही ना?" हे मी काउंटरवरच्या मुलीला विचारून घेतलं, आणि टॅगची पावती पासपोर्टात ठेवली. हे प्रत्येकाने विचारावं. अमेरिकेला जाणाऱ्यांना सहसा तिथल्या पहिल्याच विमानतळावर बॅग घेऊन पुन्हा द्यावी लागते. युरोपात माझ्यासारख्यांना तसं करावं लागत नाही.

विमानातल्या नऊएक तासांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. समोरच्या पडद्यावर इराण गेला, तुर्कस्तान गेलं, काळा समुद्र आला. फ्रँकफर्टचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास मागे असतं. मी बसल्याबसल्याच मनगटावरचं लावून टाकलं, कारण यापुढचा सगळा हिशेब त्याच वेळेने करायचा होता.

आम्ही अर्ध्या तासाहून जास्त उशिरा उतरलो. विमान टर्मिनलला न लागता लांब मैदानात उभं राहिलं, आणि तिथून बस. तिकिटावर दीडेक तासाचं अंतर दिसत होतं, त्यातला आता तास उरला होता. पण मुलीने सांगितलेला एक आकडा माझ्याजवळ होता. प्रत्येक विमानतळावर विमान बदलायला किमान किती वेळ लागतो हे ठरवलेलं असतं आणि त्याहून कमी वेळाचं तिकीट एकत्र विकत नाहीत. फ्रँकफर्टचा हा किमान वेळ ४५ मिनिटांचा म्हणून प्रसिद्ध आहे. एवढ्या अवाढव्य जागेत तो पाळता यावा म्हणून तिथे सामान वाहणाऱ्या पट्ट्यांचं सुमारे ८० किलोमीटरचं जाळं आहे. मी बसमध्ये दांडी धरून उभी असताना माझी बॅगही विमानाच्या पोटातून निघून आपल्या वाटेला लागणार होती. टॅगवरची पट्टी यंत्र वाचतं आणि बॅग कुठल्या फाट्याला वळवायची ते ठरतं. त्या दहा आकड्यांवर माझा विश्वास बसला होता.

टर्मिनलमध्ये शिरल्यावर पाट्या ठळक होत्या आणि इंग्रजी फार लागलं नाही. अक्षर आणि आकडा एवढंच शोधायचं. मला 'ए'ची गेटं हवी होती, आणि त्यासाठी आधी पासपोर्ट तपासणी. तिथे रांगेत माझ्या पुढे कोल्हापूरकडचं एक जोडपं उभं होतं. बाईंच्या हातातला पास मला दिसला. शिकागो, गेट 'झेड'.

"ताई, तुम्हाला ही रांग नाही," मी म्हटलं.

"सगळे इकडंच आलेत की हो."

सगळे येत होते हे खरं, पण वाटा इथेच फुटतात. शेंगेन करारातल्या देशांत सीमेवर एकमेकांचे पासपोर्ट तपासत नाहीत, त्यामुळे त्या सगळ्यांची बाहेरची वेस तुम्ही पहिल्यांदा जिथे उतरता तिथेच असते. मी स्वीडनला निघालेली, व्हिसाही स्वीडनचा, पण युरोपात माझा प्रवेश व्हायचा तो जर्मनीत. ते दोघं मात्र शेंगेनच्या बाहेरच राहून अमेरिकेला जाणार होते. त्यांना जर्मनीत शिरायचंच नव्हतं. पाटीवरचं 'झेड' त्यांना दाखवलं. यजमान दोनदा मागे वळून बघत गेले, पण बरोबर दिशेने गेले. त्या दोघांनाही निघताना कुणी हे चार वाक्यांत सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं, असं मला फार वाटलं.

खिडकीतल्या तरुण अधिकाऱ्याने विचारलं, कुठे, किती दिवस, कुणाकडे. मी परतीचं तिकीट, विमा आणि मुलीचं पत्र पुढे केलं. त्याने पत्र वाचलं, मान हलवली आणि शिक्का मारला. त्यात कोपऱ्यात जर्मनीचं 'डी' हे अक्षर, आत येणारा बाण आणि छोटंसं विमान होतं. ऑक्टोबर २०२५पासून शिक्क्यांच्या जागी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घ्यायला सुरुवात झाली आहे, तेव्हा पुढच्यांनी तिथे थोडा जास्त वेळ धरावा.

पुन्हा सिक्युरिटी. भारतातून आलेल्यांची हातातली पिशवी तिथे परत तपासतात, म्हणून पाण्याची बाटली मी आधीच रिकामी केली होती. पुढे जमिनीखालचा लांब बोगदा, सरकते पट्टे. पट्ट्यावर उभं न राहता मी चालत राहिले. अध्येमध्ये मोठ्या फलकावर गेट नंबर पाहत होते, कारण मुंबईत छापलेला नंबर शेवटचा नसतो. माझा बदललाही होता, पण 'ए'मधल्या 'ए'मध्येच. विमानाचं दार सुटण्याच्या वेळेआधीच बंद होतं, हे मनात धरून मी वेळ मोजत होते. गेटवर पोचले तेव्हा लोक नुकते आत सोडायला लागले होते. मला मनापासून आनंद झाला. दम लागला होता आणि आनंदही झाला होता.

गोथेनबर्गच्या लँडवेटर विमानतळावर उतरल्यावर पासपोर्ट कुणी विचारला नाही. बॅग आली. आजूबाजूच्या बऱ्याच बॅगांच्या टॅगांना हिरव्या कडा होत्या, माझ्या टॅगला नव्हत्या. हिरवी कड म्हणजे सामान युरोपीय संघातूनच निघालेलं. कड नसलेलं सामान बाहेरून आलेलं. त्याची कस्टमची तपासणी शेवटच्या गावी होऊ शकते. पेढे नव्हते, तूप नव्हतं. मी हिरव्या वाटेने सरळ बाहेर आले. जावई घ्यायला आले होते.

नात झाली. तिला बघायला विहीणबाई त्याच मार्गाने यायच्या होत्या, आणि त्यांनी खुर्ची सांगितली होती. त्यांचे गुडघे खरोखर दुखतात, तेव्हा ती त्यांनी घ्यावीच, असं मी फोनवर म्हणाले. तरीही त्यांना सगळा क्रम सांगितला. आधी बस लागेल किंवा लागणार नाही, मग पासपोर्ट, मग सिक्युरिटी, मग 'ए', आणि बॅग थेट इथे. त्यांनी तो वहीत उतरवून मला परत वाचून दाखवला.

"म्हणजे खुर्चीवाला मला 'बी' नाहीतर 'झेड'कडे न्यायला लागला, तर त्याला थांबवायचं," त्या म्हणाल्या.

"थांबवायचं आणि पास दाखवायचा."

"आणि स्वच्छतागृह लागलं तर पासपोर्टाआधी जाऊ का नंतर?"

मी म्हटलं, विहीणबाई, आधी पासपोर्टाची रांग उरका, पुढे गेटाजवळ भरपूर आहेत.