इंजिन का बंद करायला लावलं

नाशिक

चि. सोनू यास,


देवबागच्या संगमापुढे डॉल्फिन दिसले तेव्हा मी होडीवाल्या काकांना इंजिन बंद करायला का लावलं, असं तू परवा फोनवर विचारलंस. तुला जवळून व्हिडिओ हवा होता आणि आपली होडी थांबेपर्यंत ते पार लांब निघून गेले. तुझी नाराजी मला तेव्हाच दिसली होती, पण हेलकावणाऱ्या होडीत एवढी लांबण लावता आली नसती. शिवाय यातली निम्मी गोष्ट तुझ्याच शेजारी घडलेली आहे. तुझ्या टॅम्पाहून तासाभरावर सॅरासोटाचा उपसागर आहे ना, तिथे.

डॉल्फिनला नाव असतं. आपण लाडाने ठेवतो तसं नाही. त्याचं त्याने तयार केलेलं. ते नाव म्हणजे एक शीळ, साधारण सेकंदभराची, चढत-उतरत जाणारी. प्रत्येकाची चाल वेगळी. १९६५ साली मेल्बा आणि डेव्हिड कॉल्डवेल या अमेरिकन दांपत्याने ‘नेचर’मध्ये हे पहिल्यांदा मांडलं. नुकत्याच पकडून आणलेल्या बॉटलनोझ डॉल्फिनांचे आवाज ते ध्वनिमुद्रित करत होते. एकेका प्राण्याचा आलेख काढून पाहिला, तर जो तो बहुतेक वेळ आपली एकच शीळ घालत होता, आणि एकाची शीळ दुसऱ्याशी जुळत नव्हती. भीतीची एक शिट्टी, आनंदाची दुसरी, आणि ती सगळ्यांची सारखीच, अशी जी समजूत होती तिला या कागदावरच्या रेघांनी धक्का दिला.

यावर तू म्हणशील, यात नाव कुठलं, तो आवाज झाला. मी फोनवर नुसतं ‘हॅलो’ म्हटलं तरी तू ओळखतोस. मलाही हाच प्रश्न पडला होता, आणि कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवताना हुशार मुलं नेमका तोच विचारायची. त्याचं उत्तर २००६ साली मिळालं. व्हिन्सेंट जॅनिक, लैला सायघ आणि रँडल वेल्स यांनी सॅरासोटातल्या डॉल्फिनांच्या शिट्ट्या संगणकावर नव्याने बनवल्या. मूळ प्राण्याच्या आवाजाचा पोत त्यांनी पूर्ण काढून टाकला, राहिली ती नुसती चाल. तरीही आपल्या नात्यातल्या डॉल्फिनाची चाल ऐकली की ऐकणारा स्पीकरकडे जास्त वळत होता. ओळख आवाजात नव्हती, चालीत होती. पाण्यात हे सोयीचंही आहे. खोल गेलं की दाबाने डोक्यातल्या हवेच्या पोकळ्या आक्रसतात, त्यामुळे आवाजाच्या पोतावर फारसं विसंबता येत नाही. चाल मात्र टिकते.

हे काम सॅरासोटातच का होऊ शकलं, तेही सांगते. तिथे १९७० पासून त्याच त्या डॉल्फिनांच्या पिढ्यांवर लक्ष ठेवलं जातंय. आई कोण, आजी कोण, भावंडं कोण, याची नोंद आहे. तब्येत तपासायला त्यांना थोडा वेळ धरतात, तेव्हा कपाळावर चिकटणारा छोटा माइक लावून शिट्ट्या टिपतात. अशा सुमारे तीनशे डॉल्फिनांचा संग्रह तयार झाला आहे. निक्लो नावाची एक मादी तिथे वयाच्या ६७व्या वर्षापर्यंत दिसत होती. एवढी वर्षं एका जागी ठाण मांडून बसणारं संशोधन जगात फार थोडं आहे. पैसा आणि चिकाटी दोन्ही लागतात, आणि असं काम आपल्या किनाऱ्यावर व्हावं असं मला मनापासून वाटतं.

आता पिल्लाचं ऐक. आपल्याकडे बारशाला आत्या बाळाच्या कानात ‘कुर्र’ करते आणि नाव सांगते. तुझं नाव मीच सांगितलंय. डॉल्फिनाच्या पिल्लाला असं कुणी सांगत नाही. आई त्याच्याभोवती स्वतःची शीळ सारखी घालत असते, ते ऐकतं, आजूबाजूच्यांचंही ऐकतं, आणि साधारण पहिल्या वर्षात आपली चाल बसवतं. सॅरासोटात असं दिसलं की पिल्लू अनेकदा नमुना घेतं तो क्वचित भेटणाऱ्या एखाद्या डॉल्फिनाच्या शिळेचा, आणि त्यात स्वतःचे फेरफार करतं. म्हणजे रोज सोबत असणाऱ्यांत घोटाळा नको! एकदा बसलेली चाल मादीकडे दशकानुदशकं जवळपास तशीच राहते. आणि आया पिल्लाशी बोलताना काय करतात, हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. एकोणीस माद्यांच्या जुन्या-नव्या ध्वनिमुद्रणांची तुलना केली, तर पिल्लू सोबत असताना प्रत्येकीची तीच शीळ अधिक वरच्या पट्टीत जात होती, तिचा पल्ला रुंदावत होता. तान्ह्याशी बोलताना आपल्या घरातल्या बायकांचा स्वर कसा चढतो, ते तुला माहीत आहेच.

ही नावं एकमेकांत वापरलीही जातात. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर दिसलं की समुद्रात दोन कळप एकमेकांत मिसळण्याआधी अशा शिट्ट्यांची देवाणघेवाण करतात. २०१३ मध्ये स्टेफनी किंग आणि जॅनिक यांनी तिथेच एकेका डॉल्फिनाला त्याच्याच शिळेची नक्कल पाण्यातून ऐकवली, आणि त्याने तीच शीळ घालून उत्तर दिलं. परक्यांच्या शिळेला असा प्रतिसाद मिळाला नाही. त्याच वर्षी जेसन ब्रुक यांनी तलावांत ठेवलेल्या डॉल्फिनांवर केलेलं काम आलं. या तलावातून त्या तलावात हलवलेले ते प्राणी जुन्या सोबत्याची शीळ वीस वर्षांनंतरही ओळखत होते. मला हे वाचून फार वाईट वाटलं होतं. योगायोगाने त्याच वर्षी मे महिन्यात भारत सरकारने डॉल्फिनांचे खेळ करणाऱ्या तलावांना परवानगी द्यायची नाही असं ठरवलं. हा निर्णय मला आपल्या देशाच्या चांगल्या निर्णयांपैकी एक वाटतो.

आता आपल्या होडीकडे येऊ. देवबागला तू पाहिलेस ते बॉटलनोझ नव्हेत. ते पाठीवर कुबड असलेले, हिंदी महासागरातले हंपबॅक डॉल्फिन. उथळ पाणी आणि खाड्यांची तोंडं ही त्यांची जागा, म्हणजे नेमकी जिथे माणसाची होडी, जाळी आणि पर्यटन असतं तीच. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत ते संकटग्रस्त आहेत. महाराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ ईशा बोपर्डीकर, दीपानी सुतारिया आणि सहकाऱ्यांनी त्यांच्या शिट्ट्या ध्वनिमुद्रित करून त्यांचं वर्गीकरण केलं, ते २०१८ साली छापून आलं. नावांचा सगळ्यात भक्कम पुरावा बॉटलनोझचा आहे, पण शिट्ट्या हेही घालतात. आणि गाळाने गढूळ झालेल्या त्या पाण्यात हातभर पुढचंही नीट दिसत नाही, तेव्हा कानाशिवाय त्यांना आहे काय? पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर धावतो, म्हणून एकमेकांपासून दूर गेलेले डॉल्फिन आवाजाने जोडलेले राहू शकतात. पण इंजिनाचा आवाजही तसाच धावतो.

सॅरासोटात पाहिलं, तर होडी जवळ येऊ लागताच डॉल्फिन जास्त शिट्ट्या घालतात. अमेरिकेच्या मेरिलँड किनाऱ्याजवळ २०१८ मध्ये दिसलं की समुद्रातला गोंगाट वाढला की शिट्ट्या साध्या होतात, त्यांतली वळणं कमी होतात. आणि ओळख तर त्या वळणांतच असते. तू म्हणालास ना, ‘किती मस्त खेळत होते, सारखे वर-खाली’? त्या दिवशी पाच-सहा होड्या त्यांना घेरून होत्या. त्या डॉल्फिनांत एक पिल्लू होतं, आईच्या कुशीला चिकटलेलं. मला ते खेळणं वाटलं नाही.

होडीवाल्यांवर राग नाही हं. त्यांचं पोट त्यावर आहे, आणि गिऱ्हाईकच ‘अजून जवळ घ्या’ म्हणतं. आपल्या काकांनी एका शब्दात इंजिन बंद केलं, उलट म्हणाले की गप्प राहिलं तर कधीकधी तेच जवळ येतात.

सुट्टीत सॅरासोटाला जाशीलच. होडी घेतलीस तर डॉल्फिनांपासून ५० यार्ड दूर राहायचं अशी तिथल्या सरकारची सूचना आहे, ती पाळ. त्यांच्या शिट्ट्यांची ध्वनिमुद्रणं कुठे ऐकायला मिळाली तर दोन-तीन वेगवेगळ्या प्राण्यांची मला व्हॉट्सॲपवर पाठव, आणि ती कुणाची आहेत तेही लिही. मला कान देऊन ऐकायची आहेत.

तुझी,
आत्या