मिशन नावाची वस्ती

कॅल्गरीत जुलैमध्ये पोहोचलेल्या माणसानं स्टॅम्पीडचे घोडे बघायचे असतात. भाची म्हणाली, "मावशी, निदान बॅन्फला तरी चल." मी मात्र एल्बो नदीकाठची 'मिशन' वस्ती आधी गाठली. मी नगरची. तिथल्या मिशनरी सिंथिया फरार बाईंच्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव प्रभावित झाले, हे लहानपणापासून ऐकलेलं. त्यामुळे मिशनरी बाई दिसली की पाय वळतातच.

चौथ्या रस्त्यावर आता कॉफीची दुकानं आणि उंची रेस्तराँ. पलीकडे सेंट मेरीज कॅथेड्रलचा मनोरा. १९०७ साली शहरात सामील होण्यापूर्वी हे रूलोव्हिल नावाचं फ्रेंच कॅथलिक खेडं होतं.

१८८५च्या जुलैत मदर मेरी ग्रीन या आयरिश बाई काही जोगिणींसह इथं उतरल्या. त्यांचा संघ १८२० साली फ्रान्समध्ये स्थापन झालेला. सस्कॅचवान नदीकाठी सेंट लॉरेंटला त्यांची शाळा होती. तिथं मेटिस या मिश्रवंशीय लोकांचा उठाव झाला, बटोशला लढाई पेटली आणि बाईंना ती जागा सोडावी लागली. कॅल्गरीत रेल्वे येऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. त्याच डिसेंबरात इथं कॅथलिकांचा स्वतंत्र शालेय जिल्हा मंजूर झाला. म्हणजे धर्मसंस्थेच्या शाळेला कराचा पैसा! आपल्याकडच्या अनुदानित शाळांची आठवण झाली. इथल्या अल्बर्टा प्रांतात ती सोय आजही आहे. मदर ग्रीन यांचं नाव शहरातल्या एका शाळेला दिलेलं आहे.

१८९१च्या जानेवारीत, त्या थंडीत, मॉन्ट्रियलच्या चार ग्रे नन्स आल्या आणि त्यांनी होली क्रॉस हॉस्पिटल उभारलं. एवढ्यावर थांबले असते तर भारावूनच परतले असते. पण याच ग्रे नन्स शहराच्या दक्षिणेला डनबोच्या औद्योगिक शाळेतही राबत होत्या. १८८४ ते १९२२ या काळात तिथं आदिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवलं गेलं. कित्येक मुलं तिथंच दगावली. पुढं नदीनं काठ खाल्ला, शवपेट्या उघड्या पडल्या आणि २००१ साली त्यांचं पुन्हा दफन करावं लागलं. फरारबाईंच्या मापानं या बायकांना मोजायला मी आले होते. ते माप इथं पुरेना.

"डनबोला बघण्यासारखं काही नाही गं, नुसती शेतं आहेत," भाची म्हणाली. तरी बॅन्फ रद्द करून दुसऱ्या दिवशी तिकडेच जायचं ठरलं.