आराखडा होळीला व्हावा

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातल्या खेड्यांमध्ये मी शेती आणि उपजीविकेच्या नियोजनाचं काम करते. एका स्वयंसेवी संस्थेची कार्यकर्ती म्हणून गावात जायचं, लोकांना एकत्र बसवायचं, गावाजवळ काय आहे, काय कमी पडतं आणि पुढं काय करायला हवं हे त्यांच्याच तोंडून काढून कागदावर आणायचं, असं हे काम. कापूस, सोयाबीन आणि तूर हा इथला संसार. जमीन बहुतेक कोरडवाहू. गावाला लागून किंवा थोडं वर माळावर बंजारा समाजाचा तांडा. गाव आणि तांडा मिळून ग्रामपंचायत एकच, पण दोघांचं वर्ष मात्र सारखं चालत नाही. ही एक गोष्ट मला या कामानं शिकवली आणि तीच आज सांगायची आहे.

योजना आमच्या जिल्ह्याला नव्या नाहीत. 2006 साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले आणि सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यानंतर आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या साहाय्यानं केम प्रकल्प आला, 2018 साली जागतिक बँकेच्या मदतीनं नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू झाला, त्याला सगळे पोकराच म्हणतात. चौदाव्या वित्त आयोगानं 2015 पासून थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात पैसे टाकायला सुरुवात केली आणि प्रत्येक ग्रामपंचायतीचा विकास आराखडा सक्तीचा झाला. म्हणजे पैसा कमीजास्त येतो, कागदही होतो. प्रश्न असतो तो कागद कुणाच्या हजेरीत झाला याचा.

आमची पद्धत साधी आहे. देवळासमोरच्या मोकळ्या जागेत जमीन झाडून घ्यायची आणि लोकांनी रांगोळीनं आपल्या गावाचा नकाशा काढायचा. नाला, पांदण, विहिरी, ई-क्लासची जमीन, कुणाचं घर पक्कं, कुणाचं कुडाचं, सगळं त्यात. मग शिवारफेरी : माथ्यापासून पायथ्यापर्यंत चालत जायचं, मुरमाड बरड कुठं संपतं आणि काळी जमीन कुठं सुरू होते ते पाहायचं. ही रीत आली कुठून याची मला फार उत्सुकता होती. वाचल्यावर कळलं की 1988 साली ती जवळपास एकाच वेळी दोन ठिकाणी रुजली. एक केनियातल्या मचाकोस जिल्ह्यातलं म्बुसयानी हे गाव, आणि दुसरं आपल्या शेजारचं गुजरात, जिथं आगा खान ग्रामीण साहाय्य कार्यक्रमाच्या लोकांनी गावकऱ्यांच्या हातात खडू दिला. रॉबर्ट चेंबर्स यांनी पुढं ती जगभर नेली. मचाकोसही कमी पावसाचा, उताराच्या जमिनीचा मुलूख. तिथल्या बाया-माणसांनी बांध घालून आपली शेती सावरली, हे वाचलं तेव्हा आफ्रिका मला फार लांबची वाटली नाही.

एका गावात असाच नकाशा काढून झाला. पोरंसोरं रंग भरत होती. गावातल्या जाणत्यांनी सतरा गोष्टी दाखवल्या : सोसायटी, शाळा, पाण्याची टाकी, नवीन झालेला सिमेंट बंधारा. तांडा म्हणून एका कोपऱ्यात एक गोल काढला होता, त्यात काहीच नव्हतं. तांड्याचे नायक मागं उभे होते. मी म्हटलं, "काका, तुम्ही या ना पुढं, तुमचं तुम्हीच काढा." ते आले, बसले आणि त्या गोलात आधी विहीर काढली, मग तिच्यावर फुली मारली. "होळीपर्यंत पानी राहते, मंग नाही." त्यांनी वरच्या बरडावर रेघा ओढल्या. ती तांड्याची शेती. पाऊस पडला की तिथली माती खालच्या काळीत येते. खाली बंधारा झाला, त्यात गाळ वरचा. वरती मात्र एकही चर खणला गेला नव्हता. हे सगळं तिथं बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, पण जमिनीवर उमटल्यावर त्यावर बोलणं भाग पडलं.

मी विचारलं, "मागच्या आराखड्याच्या सभेत हे सांगितलं होतं का?" ते म्हणाले, "बाई, आमी दसऱ्याले जातो, होळीले येतो. तुमची सभा मधात होते. मंग आमचं कोन लिहिन?"

त्या वाक्याचं वजन मला पुढं कितीतरी दिवस जाणवत राहिलं. ग्रामपंचायतीचा आराखडा करायची लोकयोजना मोहीम 2018 पासून 2 ऑक्टोबरला सुरू होते आणि वर्षअखेरीपर्यंत चालते. सरकारी आर्थिक वर्षाच्या दृष्टीनं ते बरोबर आहे. पण आमच्याकडं ऑक्टोबर म्हणजे सोयाबीनची सोंगणी आणि मळणी. नोव्हेंबर-डिसेंबर म्हणजे कापसाची वेचणी. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, त्यामुळं सभेला बसलेला अर्धा दिवस म्हणजे बुडालेली कमाई. तांड्यावरची कितीतरी घरं तर तेव्हा ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात गेलेली असतात, काही पुण्या-हैदराबादकडं बांधकामावर. मागं राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. ज्यांच्यासाठी उपजीविकेचा आराखडा सगळ्यात जास्त लागतो, तीच माणसं तो होताना गावात नसतात.

म्हणून आम्ही त्या गावात वेगळा दिवस निवडला. होळीला तांडा भरतो. बाहेरगावची कुटुंबं परततात, लेंगी, म्हणजे होळीची गाणी, म्हटली जातात, आणि पुढं रामनवमीच्या पोहरादेवीच्या यात्रेपर्यंत बहुतेक माणसं घरी असतात. त्याच आठवड्यात बायांची बैठक तांड्यावर घेतली. गावातल्या शेतमजूर बायाही वर आल्या.

त्या बैठकीत आम्ही महिन्यांचं कोष्टक मांडलं. राखेनं बारा घरं आखली, चैत्रापासून फाल्गुनापर्यंत. चिंचोके कामासाठी, तुरीचे दाणे हाती येणाऱ्या पैशासाठी, खडे उसनवारीसाठी. बायांनी स्वतः टाकायचे, आम्ही हात लावायचा नाही. आश्विन-कार्तिकात चिंचोक्यांचा ढीग झाला. पौषापर्यंत तुरीचे दाणे होते. मग एक काकू मूठ घेऊन वैशाखाच्या घराशी थांबल्या. "इथं काय टाकू ताई? या मैन्यात हाताले कामच नसते." त्यांनी चिंचोके परत ठेवले. दुसऱ्या बाईनं ज्येष्ठाच्या घरात खडे टाकायला सुरुवात केली : बियाण्याचे, खताचे, पोरांच्या वह्यांचे, मिरगाआधी घर शाकारण्याचे. तिच्याजवळचे खडे संपले तेव्हा तिनं शेजारणीचे घेतले. जिथं काम शून्य आणि खर्च सगळ्यात मोठा, तिथंच कृषी केंद्राची उधारी आणि सावकाराचं व्याज सुरू होतं. पुढचा कापूस घरात यायच्या आधीच विकलेला असतो.

असं कोष्टक आफ्रिकेतल्या कुठल्याही कोरडवाहू गावात मांडलं तरी त्यात एक रिकामं घर सापडेल. मलावीत मका पिकायच्या आधीचे जानेवारी-फेब्रुवारी हे महिने उपासमारीचे म्हणून ओळखले जातात, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यात ऐन पावसाळ्यात धान्य संपतं. नायजरमध्ये 1991 साली केअर या संस्थेनं बायांचे बचतीचे गट सुरू केले ते हीच पोकळी भरायला. आज आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत ते गट चालतात. आपल्या बचत गटाच्या बायांना हे सांगितलं की त्यांचे डोळे चमकतात. आपण एकट्या नाही, हे कळणंही मोठं असतं.

आराखडा त्या कोष्टकावरून लिहायचा असं आम्ही ठरवलं. पुरुषांच्या सभेत पहिली मागणी बोअरची आणि सभामंडपाची होती. बायांच्या यादीत पहिलं होतं चैत्र ते ज्येष्ठ या काळात गावातच काम. त्या मागणीतून वरच्या बरडावर सलग समतल चर आणि बांधबंदिस्ती रोजगार हमीतून धरायचं ठरलं. त्यासाठी कामाची मागणी नमुना 4 वर लिहून द्यायची आणि पोच घ्यायची, हे आम्ही घरोघरी समजावलं. आमच्याच जिल्ह्यातल्या, पुसद तालुक्यातल्या गहुलीच्या वसंतराव नाईकांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात, 1972 च्या दुष्काळात, महाराष्ट्रानं ही हमी मोठ्या प्रमाणावर राबवली. तिचा कायदा 1977 चा. काम मागणं ही याचना नाही, तो आपला हक्क आहे, एवढं सांगायलाही आधार लागतो आणि तो आपल्याच मातीतला आहे.

बायांची दुसरी मागणी शेळ्यांची होती. बेरारी शेळी इथल्या उन्हाला टिकते, अडीनडीला विकता येते आणि तिचा पैसा बाईच्या हातात राहतो. तिसरी, गटाची लहान डाळ मिल. तूर आमची, डाळ मात्र बाहेरून विकत आणायची, हे त्यांना खुपत होतं. चौथी मागणी फवारणीची होती. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, ते कुणीच विसरलेलं नाही. फवारणाऱ्या मजुराला हातमोजे, चष्मा, मास्क मिळाला पाहिजे आणि कुठलं औषध कशात मिसळायचं नाही हे त्याला कळलं पाहिजे, असं त्यांनी लिहायला लावलं.

पाण्याचा ताळेबंद मांडायला मला सगळ्यात जास्त आवडतं, कारण तिथं हिशोबापुढं कुणाचा मोठेपणा चालत नाही. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होतं. आमच्याकडं सरासरी पाऊस नऊशे मिलिमीटरच्या आसपास. सहाशे हेक्टर शिवाराच्या गावावर वर्षाला 540 कोटी लिटर पाणी पडतं. दीड हजार माणसांना रोज माणशी 55 लिटर धरलं तर वर्षभराची गरज होते सुमारे तीन कोटी लिटर. फळ्यावर हे आकडे लिहिले की सभा गप्प होते. एवढं पाणी पडूनही उन्हाळ्यात हंडे घेऊन रांग का? कारण खाली काळा पाषाण, त्यात फार पाणी मुरत नाही. वर उतार, पाणी नाल्यानं अडाण नदीत आणि पुढं पैनगंगेकडं निघून जातं. आणि जे विहिरीत उतरतं त्यावर रब्बीत गहू उभा राहतो. गव्हाच्या एका हेक्टरला चाळीस लाख लिटरच्या आसपास पाणी लागतं, हरभऱ्याचं साधारण त्याच्या निम्म्यात भागतं. हे पाहिल्यावर त्या गावात विहिरींच्या पट्ट्यातल्या काही शेतकऱ्यांनी गव्हाचं क्षेत्र कमी करून हरभरा तुषार सिंचनावर घ्यायचं कबूल केलं. आणि पाणी वरच अडवायचं तर त्याचंही उदाहरण आहे : बुर्किना फासोमधल्या याकुबा सावाडोगो या शेतकऱ्यानं कडक झालेल्या माळावर खड्डे करून, त्यात शेणखत टाकून, त्या खड्ड्यांत पाऊस अडवला आणि वाळवंटाच्या काठावर जंगल उभं केलं. 2018 साली त्यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. त्यांची गोष्ट मी बरडावर चर खणताना सांगते. लोक विचारतात, "त्याईच्याकडं पाऊस किती पडते?" आपल्यापेक्षा कमी, हे उत्तर ऐकल्यावर हात जास्त जोरानं चालतात.

त्या गावात पुढं काय झालं ते जसं आहे तसं सांगते. बरडावरच्या चरांचं काम उन्हाळ्यात झालं. मजुरी उशिरा आली, तेव्हा बायांना तालुक्याला खेटे घालावे लागले, पण आली. शेळ्या काही घरांत टिकल्या, काही घरांत आजारपणात विकल्या गेल्या; मात्र विकून दवाखाना झाला, व्याजानं पैसे काढावे लागले नाहीत. डाळ मिल गटाच्या बाया चालवतात. रोही आणि रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी सामूहिक कुंपणाचा प्रस्ताव अजून मंजूर झालेला नाही, शेतकरी रात्रीची जागल करतातच. ऊसतोड थांबली असं मी म्हणणार नाही. पण वरची विहीर आता चैत्रातही पाणी देते, आणि काही कुटुंबांत लेकरांना आजीजवळ ठेवून जाण्याऐवजी आईनं घरी थांबायचं ठरलं.

एका आराखड्यानं गावाचा जन्माचा प्रश्न सुटत नाही. कापसाचा भाव गावाच्या सभेत ठरत नाही. एकेकाळी या भागातला कापूस गोळा करून बाहेर न्यायला इंग्रजांनी दारव्ह्यावरून शकुंतला रेल्वे नेली. माल कसा जाईल याचं नियोजन तेव्हाही पक्कं होतं, माणसं कशी राहतील याचं नव्हतं. ते नियोजन आपल्यालाच करावं लागेल, आणि त्याचा पहिला नियम हा की ज्याचं पोट त्यावर अवलंबून आहे तो सभेत हजर हवा.

म्हणून सरपंच, ग्रामसेवक, कृषी सहायक आणि गटाच्या बाया, सगळ्यांना हात जोडून माझं सांगणं आहे. आराखडा ऑक्टोबरात मंजूर करायचा असेल तर करा, पण त्याची मांडणी आदल्या होळीला करा, तांडा घरी असताना. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. ती रजिस्टरात सह्या घेऊन उरकू नका, संध्याकाळी, स्वयंपाक आटोपल्यावर, बायांच्या सोयीच्या वेळी भरवा. आणि योजनांची यादी वाचून दाखवण्याआधी बारा महिन्यांचं कोष्टक मांडा. जो महिना रिकामा दिसेल, तिथून आराखडा लिहायला घ्या.