पंपाचा पडदा

जुनी मोटार बाळगणें हें जुनें घर बाळगण्यासारखेंच आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यास कौतुक वाटतें; गळतें कोठें, हें मात्र घरच्यांसच ठाऊक असतें. श्रीगोंद्यास आमच्या घरीं १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. ती. दादांनीं ती मोठ्या हौसेनें घेतली. त्यांना जाऊन बारा वर्षें झालीं, तरी आईला दौंडच्या दवाखान्यांत नेण्या-आणण्याचें काम अजून तीच करते. "ही अडगळ आतां काढून टाका," असें घरांतून वर्षाकांठीं दोनदां तरी बजावण्यांत येतें, आणि मी तें दोन्ही वेळां ऐकून घेतों.

गेल्या उन्हाळ्यांत गाडी तापली कीं बंद पडूं लागली. आमचे मिस्त्री दादांच्या वेळेपासूनचे. "कचरा आला असेल," असें म्हणून त्यांनीं कार्बोरेटर साफ करून दिला. चार दिवसांनीं मीं तेल मोजण्याची पट्टी काढून पाहिली, तों तेल कमी होण्याऐवजीं वाढलेलें! या काटकसरी गाडीचें कौतुक करावें म्हणून मीं तें मिस्त्रींना हंसत सांगितलें. ते हंसले नाहींत. "इंजिनात तेल कधी वाढत नसतं, गुरुजी. ते पेट्रोल आहे," एवढेंच ते म्हणाले.

या गाडींत विजेवर चालणारा पंप नाहीं. इंजिनाच्या फेऱ्याबरोबर एक दांडी हलते. ती रबरी लेपाच्या कापडाचा एक वाटोळा पडदा खालीं ओढते, त्या ओढीनें मागच्या टाकींतील पेट्रोल पुढें येतें, आणि पडदा वर जातांना तें कार्बोरेटरकडे ढकललें जातें. पडदा फाटला कीं पेट्रोल खालच्या तेलांत उतरतें. तेल पातळ होतें, बेअरिंगें झिजतात, आणि आगीचें भय राहतें तें निराळेंच. म्हणजे रोग सांपडला होता. औषध मिळवावयाचें होतें.

तें सोपें नव्हतें. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनें कुर्ल्याच्या कारखान्यांत १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनविली. पुढें तिचीच पद्मिनी झाली. गेल्या शतकाच्या अखेरीस ती निघणें थांबलें. तरी मुंबईच्या टॅक्सी चालत होत्या तोंवर सुट्या भागांस गिऱ्हाईक होतें. नोंदणी असलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदतही ऑक्टोबर २०२३ मध्यें संपली, आणि आमच्यासारख्यांचा आधार तुटला.

मी पुण्यास गेलों. नाना पेठेंत एका तरुण दुकानदारानें नव्या गाडीचा विजेवरचा पंप पुढें केला. तो अधिक जोरदार असल्याचें त्यानें सांगितलें, आणि तें खरेंच होतें. मी पैसे काढणार, तोंच मिस्त्रींना विचारावें अशी बुद्धि झाली. ते दूरध्वनीवर जवळ जवळ ओरडलेच. आमचा पंप दर चौरस इंचास तीन-चार पौंड दाबानें पेट्रोल देतो. तो नवा पंप चाळीस पौंडांहून अधिक. एवढ्या दाबापुढें कार्बोरेटरमधली सुई टिकत नाहीं, आणि पेट्रोल सर्वत्र वाहूं लागतें. मीं पंप परत ठेवला.

रविवारीं जुन्या बाजारांत मात्र दैव उघडलें असें वाटलें. जुन्या गंजक्या सामानांत एक डबी होती, आणि तिच्यांत कागदांत गुंडाळलेला, हात न लागलेला, त्या काळचाच पडदा! तसलीच एक रिकामी डबी दादांच्या हत्यारांच्या पेटींत अजून आहे. मीं किंमत विचारली, आणि ती न घासतां दिली. मिस्त्रींनीं पडदा हातांत घेऊन वांकवून पाहिला. "जुना माल आहे, गुरुजी," असें ते म्हणाले. मला ती स्तुति वाटली!

पांच आठवडे सर्व ठीक चाललें. मग एके दिवशीं आईस घेऊन दौंडास निघालों. काष्टी मागें पडली, भीमेचा पूल अजून यावयाचा होता. आईनें पदर नाकास लावला. "पेट्रोल सांडलं का रे कुठं?" गाडी थांबवून झांकण उघडलें, तों पंपाच्या बुडाशीं थेंब लोंबत होते, आणि धुराचा तापलेला नळ तेथून फार लांब नव्हता. आईला हातीं धरून उतरविलें आणि दूर कडुनिंबाखालीं बसविलें. पंचाऐंशी वर्षांची बाई पिशवी मांडीवर घेऊन निमूट बसली. त्या अर्ध्या तासांत माझ्या मनांत जें जें येऊन गेलें तें लिहवत नाहीं. समोरून उसानें भरलेले ट्रॅक्टर एकामागून एक कारखान्याकडे जात होते.

मिस्त्रींनीं पंप उघडला. पडदा पावसाळ्यांत सादळलेल्या पापडासारखा मऊ होऊन फुगला होता. त्याचें कारण मीं ज्या ट्रॅक्टरांकडे पाहत बसलों होतों त्यांतच होतें. पेट्रोलांत इथेनॉल मिसळण्याचा प्रयोग २००१ सालीं ज्या ठिकाणीं झाला, त्यांत मिरज आणि आमच्याच दौंडच्या लोहमार्गावरचें मनमाड हीं होतीं. २००३ पासून कांहीं राज्यांत शेंकडा पांच, जून २०२२ पर्यंत देशांत दहा, आणि २०२५ मध्यें वीस असें हें प्रमाण वाढत गेलें. तें इथेनॉल उसापासून होतें, आणि अलीकडे मक्यासारख्या धान्यापासूनही. त्यांत आमच्या शेतकऱ्याचा फायदा आहे, म्हणून तक्रार करण्याचें मनांत नाहीं. परंतु जुन्या जातीचें रबर त्यानें फुगतें, तें हवेंतील पाणी शोषून घेतें, आणि टाकींतला वर्षानुवर्षांचा गंज सुटा करून नळींत आणतें. दादांच्या वेळचा पडदा दादांच्या वेळच्या पेट्रोलाकरितां होता. मीं डबीवरचें नांव पाहिलें; आंतून काय वाहणार आहे, हें पाहिलें नाहीं.

मग शोधाची रीत बदलली. पंपाचें धड जुनेंच ठेविलें. पडदा घेतला तो व्हायटॉन या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या, इथेनॉलास दाद न देणाऱ्या रबराचा. त्याचा व्यास, भोंकें व मधली दांडी जुन्याशीं मोजून. पंप आणि इंजिन यांच्यामधील पॅकिंगची जाडीही तीच राखली, कारण तिच्यावर दांडीची हालचाल अवलंबून असते. नळ्या घेतांना त्यांवर 'जे ३०, आर ९' असा छाप आहे कीं नाहीं तें पाहिलें. टाकी धुऊन गाळणी नवी बसविली, आणि मिश्र पेट्रोलास थोडा अधिक पुरवठा लागतो म्हणून मिस्त्रींनीं जेट एका पायरीनें मोठा घातला. ज्या वाचकांच्या घरीं अशी गाडी असेल, त्यांनीं एवढें करून तेलाची पट्टी दर आठवड्यास पाहावी, आणि तेल वाढलेलें दिसल्यास आनंद मानूं नये.

गाडी तयार झाल्यावर आईला न विचारतां तींत बसविण्याचा मला धीर होईना. मीं सर्व हकीकत सांगितली. माझी चूकही सांगितली. तिनें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "पण पंप ह्यांच्याच वेळचा आहे ना?"

"पंप तोच आहे. पडदा तेवढा नवा."

"मग नवाच हवा होता," असें म्हणून ती पिशवी घेऊन उठली, आणि दवाखान्याची वेळ टळत असल्याची आठवण तिनें मला करून दिली.