तू कुणाच्या बाजूने?

24 ऑक्टोबर 2021, रविवार. पुण्यात कर्वेनगरच्या फ्लॅटवर आम्ही सहा जण मॅच बघत होतो. टी-20 वर्ल्ड कप, दुबई, भारत-पाकिस्तान. भारताने 151 केले होते. मग रिझवान आणि बाबर खेळायला आले आणि शेवटपर्यंत खेळतच राहिले. चौदाव्या-पंधराव्या ओव्हरपर्यंत खोलीत कुणी बोलेनासं झालं. तेवढ्यात एक जण माझ्याकडे बघून म्हणाला, "तू आतून खूश असशील ना रे?"

सगळे हसले. मीही हसलो.

खरं सांगायचं तर तो वाईट मुलगा नव्हता. मला डेंग्यू झाला होता तेव्हा रात्रभर हॉस्पिटलमध्ये बसला होता. त्याला तो विनोदच वाटला होता. पण मी का हसलो, हे मला आजही नीट सांगता येत नाही. बहुतेक न हसण्याची भीती वाटली असावी.

रात्री झोप येईना म्हणून फोन उघडला. मोहम्मद शमीच्या इन्स्टाग्रामवर शिव्यांचा पाऊस पडत होता. गद्दार, पाकिस्तानात जा, किती पैसे घेतले. त्या दिवशी भारताच्या पाच गोलंदाजांना मिळून एकही विकेट मिळाली नव्हती. शमीच्या 3.5 ओव्हरमध्ये 43 रन गेले होते, पण हरले ते अकरा जण. हिशोब मात्र एकट्याकडे मागितला जात होता, आणि तो कशामुळे हे सगळ्यांना माहीत होतं. पुढे सचिन, सेहवाग असे अनेक जण त्याच्या बाजूने बोलले. धर्मावरून कुणाला लक्ष्य करणं यासारखी केविलवाणी गोष्ट नाही, असं विराट कोहली पत्रकार परिषदेत म्हणाला. त्यानंतर त्याच्या दहा महिन्यांच्या मुलीला ऑनलाइन धमक्या आल्या.

त्याच मॅचनंतर पाकिस्तानच्या एका टीव्ही चॅनेलवर वकार युनूस बोलला. रिझवानने हिंदूंच्या मध्ये उभं राहून मैदानात नमाज पढली, ते आपल्याला फार खास वाटलं, असं. नंतर त्याने माफी मागितली, पण मी ते ऐकलं होतं. वकारचे यॉर्कर बघत मी मोठा झालो होतो. एकीकडे माझ्या देशातले लोक शमीला मुसलमान म्हणून शिव्या देत होते आणि दुसरीकडे माझा आवडता बॉलर मॅचमध्ये धर्माचा विजय बघत होता. दोघांनाही क्रिकेट दिसलंच नव्हतं.

*

मी मिरजेचा. आमच्या घरी दखनी बोलतात, ज्यात 'नको' आणि 'कायकू' एकाच वाक्यात शेजारी शेजारी बसतात. शाळा मराठी माध्यमाची. गल्लीच्या मागे एक मोकळा प्लॉट होता, तिथे असरच्या अजानपासून मगरीबच्या अजानपर्यंत आमची मॅच चालायची. मगरीबला अंधार पडायचा आणि बॉल दिसायचा बंद व्हायचा, त्यामुळे मला नमाजसाठी खेळ सोडून जावं लागतंय असं कधी वाटलंच नाही. अजान म्हणजे स्टम्प्स.

मी डावखुरा. टेनिस बॉलला इलेक्ट्रिकची टेप गुंडाळून स्विंग करायचो. त्यामुळे माझा हिरो ठरलेलाच होता, झहीर खान. श्रीरामपूरचा, आपल्यासारख्या गावातून आलेला. 2011च्या वर्ल्ड कपमध्ये त्याने 21 विकेट घेतल्या. त्या स्पर्धेत शाहिद आफ्रिदी सोडला तर तेवढ्या कुणालाच मिळाल्या नाहीत. फायनलच्या रात्री आमच्या गल्लीत फटाके वाजले तेव्हा मी टेरेसवर झहीरसारखी उडी मारून अ‍ॅक्शन करत होतो.

पण एक गोष्ट मी कुणाला सांगत नव्हतो. मला त्याच्याहून जास्त वसीम अक्रम आवडायचा. ते छोटं रनअप, तो खांदा, तो उशिरा आत येणारा बॉल. आमच्या टीमचा कीपर, माझा शाळेपासूनचा दोस्त, गणपती मंडळाचा कार्यकर्ता, तो चारचौघांत म्हणायचा, "अक्रमसारखा झालाच नाही कुणी." सगळे माना डोलवायचे. मी कधी म्हटलं नाही. विचारलं तर आधी झहीर, मग मिचेल जॉन्सन, मग कुठेतरी तिसऱ्या नंबरवर अक्रम. एकच वाक्य. त्याच्या तोंडून ते क्रिकेटचं ज्ञान ठरायचं, माझ्या तोंडून काय ठरेल याची खात्री नव्हती. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला ते आपोआप कळतं.

2009 साली मी अकरा वर्षांचा होतो. 3 मार्चला लाहोरमध्ये श्रीलंकेच्या टीमची बस गद्दाफी स्टेडियमकडे निघाली होती, तिच्यावर अतिरेक्यांनी गोळ्या झाडल्या. पोलिसांसह आठ जण मेले. थिलन समरवीराने त्याच कसोटीत द्विशतक काढलं होतं, त्याच्या मांडीत गोळी घुसली. मेहर मोहम्मद खलील नावाच्या ड्रायव्हरने बस थांबवली नाही, तशीच स्टेडियममध्ये नेली आणि खेळाडू वाचले. टीव्हीवर ते बघताना मी अब्बांना विचारलं, "यांना क्रिकेट आवडत नाही का?" अब्बांनी उत्तर दिलं नाही, चॅनेल बदललं. त्यानंतर दहा वर्षं पाकिस्तानात कसोटी झाली नाही. ज्यांच्या नावाने ते लढत असल्याचं सांगत होते, त्यांच्याच पोरांकडून त्यांनी क्रिकेट काढून घेतलं.

त्याच वर्षी सप्टेंबरात, गणपतीत, अफजलखानाच्या वधाचं चित्र असलेल्या कमानीवरून वाद पेटला आणि मिरजेत दंगल झाली. संचारबंदी लागली. आम्ही घरात कोंडलेले. मोठी माणसं हळू आवाजात बोलायची आणि आम्ही गेलो की गप्प व्हायची. संचारबंदी पूर्ण उठल्यावर काही दिवसांनी मी प्लॉटवर गेलो. कीपर एकटाच विटांवर बसला होता. काय बोलावं ते दोघांनाही कळेना. शेवटी तो म्हणाला, "बॉल आणलास का?" मी आणला होता. त्या दिवशी आम्ही दोघंच खेळलो. मी टाकायचो, तो अडवायचा. हळूहळू बाकीचे आले.

*

लोक म्हणतात, पोरं कट्टर कशी होतात? मला थोडंफार माहीत आहे, कारण त्या रस्त्याने मी काही महिने चालून आलोय.

2016 साली पुण्यात कॉलेजला आलो. खोली शोधताना फोनवर सगळं ठरायचं, नाव सांगितलं की खोली 'कालच गेलेली' असायची. असं चार वेळा झालं. त्या काळात माझ्या एका मोठ्या चुलतभावाने, ज्याला आम्ही भाईजान म्हणतो, मला एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर घेतलं. तिथे सगळे 'आपले' होते. कुणी नाव विचारून गप्प होत नव्हतं. रोज जगभरातल्या उद्ध्वस्त शहरांचे व्हिडिओ यायचे. त्यातले काही खरे असतील, काहींचा संदर्भच वेगळा असेल, पण मला कुठे तपासायचं होतं? राग यायचा, आणि राग आला की बरं वाटायचं. भाईजान म्हणायचा, क्रिकेट हा वेळ घालवायचा धंदा आहे, कयामतच्या दिवशी त्या वेळेचा हिशोब द्यावा लागेल. मी कॉलेजच्या टीमची प्रॅक्टिस सोडली. बॅट धाकट्या भावाला देऊन टाकली. कीपरचे फोन उचलणंही कमी केलं.

हे काही महिने चाललं. मग 18 जून 2017 उजाडला. चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल, ओव्हल, पुन्हा भारत-पाकिस्तान. रमजान सुरू होता. पाकिस्तानने 338 केले होते. इफ्तारच्या सुमारास भारताची बॅटिंग सुरू झाली आणि पहिल्याच ओव्हरमध्ये मोहम्मद आमिरने रोहितला आत येणाऱ्या बॉलवर पायचीत केलं. मग कोहली, मग धवन. डावखुरा बॉलर, नवा बॉल, तीन विकेट. हातात खजूर तसाच राहिला. माझ्या आयुष्यात मी पाहिलेल्या सर्वांत सुंदर स्पेलपैकी तो एक, आणि माझी टीम मरत होती. आपण 180 रननी हरलो.

ग्रुपवर जल्लोष चालू होता. फत्ते, इस्लामचा विजय, रमजानची बरकत. मी ते वाचत होतो आणि मला रडू येत होतं. रडू येतंय याचंच मला आश्चर्य वाटलं. कुणाला दाखवायला नव्हतं ते. खोलीत मी एकटाच होतो. आपण हरलो होतो म्हणून वाईट वाटत होतं, आणि त्यातलं 'आपण' कोण हे मला न विचारता आतून कुणीतरी ठरवून टाकलेलं होतं.

तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. या ग्रुपवर मी दुःखी आहे असं म्हणू शकत नव्हतो. आणि हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये बसलो असतो, तर आमिरचा स्पेल सुंदर होता असं म्हणू शकलो नसतो. दोन्हीकडे माझं अर्धं अर्धं आत यायला बंदी होती. त्या रात्री मी ग्रुप सोडला. भाईजानशी भांडण झालं नाही, वादही नाही. आजही ईदला भेटतो, मिठी मारतो. क्रिकेटचा विषय दोघंही काढत नाही.

*

2023च्या वर्ल्ड कपमध्ये शमीने सात मॅचमध्ये 24 विकेट घेतल्या. वानखेडेवर सेमीफायनलमध्ये 57 रनांत 7. ज्या फोनवरून शिव्या गेल्या होत्या, त्यातल्या कितींवरून त्या रात्री हृदयाच्या इमोजी गेल्या असतील कोण जाणे. त्याआधी श्रीलंकेविरुद्ध पाच विकेट घेतल्यावर तो गुडघ्यांवर बसला. लगेच सीमेपलीकडून चर्चा सुरू, त्याला सजदा करायचा होता पण घाबरला. नंतर त्याने साफ सांगितलं, की मला सजदा करायचा असेल तर कोण अडवणार? मी मुसलमान आहे आणि भारतीय आहे, दोन्हीचा अभिमान आहे.

मार्च 2025मध्ये तोच शमी दुबईत ऑस्ट्रेलियाविरुद्ध सेमीफायनल खेळत होता. उन्हात, बाउंड्रीजवळ त्याने एक घोट प्यायला. रमजान सुरू होता. बरेलीच्या एका मौलानांनी जाहीर केलं की रोजा न ठेवून त्याने गुन्हा केलाय. अनेक उलेमांनी त्यांना विरोध केला. प्रवासात असणाऱ्याला आणि आजारी माणसाला रोजे नंतर भरून काढायची मुभा कुराणातच आहे. हाशिम अमलाने 2012च्या रमजानमध्ये ओव्हलवर नाबाद 311 केले, तेव्हा त्यानेही सांगितलं होतं की प्रवासात असल्यामुळे रोजे नाहीत, घरी गेल्यावर पूर्ण करीन. हाच अमला, ज्याने बिअर कंपनीचा लोगो शर्टवर लावायला नकार दिला होता. आणि हाच अमला, ज्याला 2006 साली केवळ दाढीमुळे एका कॉमेंटेटरने माइकवर 'टेररिस्ट' म्हटलं होतं. त्याच्या ईमानाचं सर्टिफिकेट कुणी कुणाला द्यायचं?

तरावीहनंतर चहाच्या टपरीवर चार जण शमीचा विषय चघळत होते. "पैसे के लिए दीन छोड़ दिया," एक म्हणाला. मला अमलाचं उदाहरण पाठ होतं. मी चहा संपवला आणि निघून आलो. 2021मध्ये हसलो होतो, 2025मध्ये गप्प बसलो. सहरीला अम्मीचा फोन आला तेव्हा तिला सांगितलं. ती म्हणाली, "रोजा उसका, हिसाब अल्लाह का. तुम कायकू बीच में?" पण तिचा खरा प्रश्न वेगळाच होता. फायनल आली होती, म्हणून ती विचारत होती, "मॅच घर में देखेगा ना? बाहर नको जा." कारण काही दिवसांपूर्वीच भारत-पाकिस्तान मॅचच्या वेळी देशविरोधी घोषणा दिल्याचा आरोप झाला आणि सिंधुदुर्गात एका कुटुंबाचं भंगाराचं दुकान दुसऱ्याच दिवशी पाडलं गेलं. प्रकरण पुढे सुप्रीम कोर्टात गेलं. अम्मीला कोर्ट कळत नाही, तिला जेसीबी कळतो. फायनलमध्ये समोर न्यूझीलंड आहे, हे मी तिला दोनदा सांगितलं.

2019च्या मार्चमध्ये ख्राइस्टचर्चला बांगलादेशची टीम जुम्याच्या नमाजसाठी अल नूर मशिदीकडे निघाली होती. पत्रकार परिषद लांबली म्हणून उशीर झाला, म्हणून ते वाचले. त्या दिवशी एका गोऱ्या वर्चस्ववाद्याने दोन मशिदींत 51 माणसं मारली. लाहोरची बस आणि ख्राइस्टचर्चची बस माझ्या डोक्यात नेहमी शेजारी उभ्या असतात. दोन्हीकडचे मारेकरी एकमेकांचे शत्रू, पण दोघांनाही समोरचा नकोच होता. क्रिकेटमध्ये समोरचा लागतो. तो चांगला लागतो, आणि तो उद्याही यावा लागतो. माझा धर्मही मला शेजाऱ्याचा हक्क शिकवतो. म्हणून मला खेळ आणि ईमान यांत कधी निवड करावी लागली नाही. निवड करायला लावणारे नेहमी तिसरेच कुणीतरी असतात.

ईदला मिरजेला गेलो. आमचा प्लॉट आता राहिलेला नाही, तिथे अपार्टमेंट झालंय. पोरं पार्किंगमध्ये एक टप्पा आऊट खेळतात. कीपर शीरखुर्मा खायला आला होता, पोट सुटलंय त्याचं. माझा आठ वर्षांचा पुतण्या डावखुरा निघालाय. बॉल टाकता टाकता त्याने विचारलं, "चाचू, लेफ्टी बॉलरमध्ये सगळ्यात भारी कोण?"

"वसीम अक्रम," मी म्हणालो.

कीपरने नुसती मान डोलवली आणि त्याला ग्रिप दाखवायला लागला. कुणीच वळून बघितलं नाही. पण उत्तर द्यायच्या आधी मी एकदा इकडेतिकडे बघितलं होतं, हेही खरंच.