नंदीवांचून दर्शन

आत्याबाईंस बिद्रीच्या त्यांच्या घरून घेऊन आम्ही खिद्रापुरास गेलों. कोपेश्वरासमोर त्या थबकल्या. नंदीच्या शिंगांमधून पाहिल्यावांचून दर्शन कसें घ्यावें? येथें नंदी नाहींच. सती बोलावण्यावांचून माहेरीं दक्षयज्ञास गेली ती नंदीवर बसून; तेथें तिचा अपमान झाला, आणि शिव कोपले, अशी आख्यायिका. तो कोप शमविणारे विष्णु धोपेश्वर नांवानें, लिंगरूपानेंच, गाभाऱ्यांत शेजारीं आहेत. १२ व्या शतकांतील शिलाहारांचा तो स्वर्गमंडप, त्याचे ४८ खांब, उघड्या छतांतून उतरणारें ऊन! आत्याबाईंचें तिकडे लक्ष नव्हतें. आमच्या मुंजीचें बोलावणें त्यांस गेलें नव्हतें. तेव्हांपासून माहेर तुटलेलें. धोपेश्वरापुढें त्या बराच वेळ बसल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "तूं बोलावतोस ना? मग परततांना कोल्हापुरास वाड्यावर उतरूं."